म्हैसखडकापासून दिसणारं लुगडं

"अगो, त्या बोटीवर मासळी मिळंल का?" द्वारकीनं पहिला प्रश्न हाच विचारला.

माझी लेक रेवती हसायला लागली. "मावशे, सगळं मिळतं. नाश्ता, दुपारचं जेवण, चहा, परत रात्रीचं जेवण. तिकिटातच धरलेलं असतं."

"मिळंल गो, पण कसली? बर्फात निजून निजून डोळे पांढरे झालेली. मी आपला सुका जवळा बांधून घेते."

"जहाजावर बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत."

"म्हणजे काय? झडती घेतात? माझ्या पिशवीत हात घालून बघू दे एखाद्याला. वासानंच पळंल."

अंगणात हशा पिकला. दिवस उन्हाळ्याचे होते. बाजार आटोपून आम्ही बायका नुकत्याच घरी आलो होतो आणि माझ्या अंगणात चटया पसरून बसलो होतो. द्वारकी माझी शेजारीण. बाजारात तिची पाटी माझ्या पाटीला लागून असायची, अन् नवरा गेल्यापासून तिचं अर्धं जेवण माझ्याच घरी व्हायचं. समोर हसन बसला होता. हसन म्हणजे आमच्या बोटीवरचा जुना खलाशी. आमच्या घरात त्याला पाहुणा असं कोणी म्हटलं नाही. त्याच्या शेजारी त्याची बायको जैतून. माझा मुलगा भालू, सून, त्यांची पोरं. आणि ओट्यावर खांबाला टेकून जाळं विणत बसलेले आमचे तांडेल.

तांडेल म्हणजे माझे मालक. बोटीचा कारभार ज्याच्या हातात, तो तांडेल. त्यांनी बोट सोडून भालूच्या ताब्यात दिली त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती, पण कोळीवाड्यात त्यांना नावानं कोणी हाक मारत नव्हतं. मीही नाही.

रेवती ठाण्याला विमा कचेरीत नोकरीला. आमच्या लग्नाला त्या दिवाळीनंतर पन्नास वर्षं होणार होती आणि तिनं मनात घेतलं होतं की सगळ्यांनी मिळून मोठ्या जहाजावरून गोव्याला जायचं. घरची माणसं, भालूच्या सासरची, हसन-जैतून, द्वारकी. एवढी माणसं एकदम गेली तर तिकिटं स्वस्त पडत होती, पण मग एकानंही गळून चालत नव्हतं.

"आये आजवर बोटीत बसली नाही," रेवती म्हणाली. "तांडेलाची बायको, आणि समुद्र बघितला तो धक्क्यावरून. हे बरं दिसतं का?"

खरंच होतं ते. आमच्या घरच्या बोटीवर बाईनं पाय ठेवायचा नाही, ही रीत. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच सासूनं मला सांगितलं होतं. नव्या बोटीला हळदकुंकू बाईनं लावायचं, नारळ बाईनं द्यायचा, मासळी बाईनं विकायची. पण पाय मात्र वाळूतच. मी कधी तक्रार केली नाही. तांडेल जेवायला बसले की दिवसभराचं सांगायचे. हंडी डोंगर जोडमाडांच्या डोक्यावर आला तिथं जाळं टाकलं. म्हैसखडकाला वळसा घालताना वारा फिरला. मी भाकरी थापता थापता ऐकायचे. डोंगर मला माहीत होता, माडही माहीत होते. पण डोंगर माडांच्या डोक्यावर कसा येतो, ते काही कळायचं नाही. आमच्या अंगणातून डोंगर मागं होता आणि माड पुढं.

आणि एक गोष्ट होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी, एकदा बोट लागल्यावर, तांडेल मला म्हणाले होते, "तुझं लाल लुगडं म्हैसखडकापासून दिसतं. दिसलं की वाटतं, पोचलो." त्यानंतर बोट यायच्या वेळेला मी लालच नेसले. बाजारात बायका हसायच्या, की चांगुणेकडे दुसरा रंगच नाही. हसू देत, म्हटलं.

मला त्या म्हैसखडकावरून एकदा मागं वळून बघायचं होतं. बस, एवढीच हौस. रेवतीला हे मी कधी सांगितलं नव्हतं, पण तिनं जहाजाचं नाव काढलं आणि मला आधी तो खडकच आठवला.

"बाबा, बघा ना जहाज," म्हणत रेवतीनं मोबाईल तांडेलांच्या हातात दिला. त्यांनी तो जरा तिरका धरला, मान हलवली.

"नाळ चांगली काढलीय," ते म्हणाले. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. "पाणी बरोबर कापील."

द्वारकीनं वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अवो भाऊजी, हा पोहायचा हौद हाय! बायका बघा कशा उघड्या पोहतायत, आणि तुम्ही नाळ बघा."

सगळे पोट धरून हसले. तांडेलही हसले. हसन तेवढा हसला नाही. चहा गार झाला म्हणून तो आत गेला.

मग खोल्यांची वाटणी सुरू झाली. जैतून म्हणाली, मी द्वारकीच्या खोलीत झोपणार नाही, ती घोरते. द्वारकी म्हणाली, मी घोरते ते जहाजाच्या भोंग्यात कोणाला ऐकू जाणार? कुणाला बोट लागेल, कुणी लिंबू घ्यायचं, नवी लुगडी कोणी कुठून आणायची, सगळं ठरत होतं. तांडेल जाळं विणत ऐकत होते, चेहरा बरा होता. मला वाटलं, माणूस तयार आहे.

उन्हं उतरली. रोजच्या वेळेला तांडेल उठले. धक्क्यावर एक मोठा दगड आहे, संध्याकाळी तिथं जाऊन बसायची त्यांची सवय. ते ओट्यावरून उतरले, खांबापाशी आले आणि डावा हात वर उचलला. हात तसाच राहिला, हवेत.

"दोरी कुठाय?"

त्या दोरीचं सांगायला हवं. बोट सोडली त्याच सुमारास तांडेलांनी घराच्या खांबापासून धक्क्यावरच्या दगडापर्यंत एक दोरी ताणून बांधली होती. म्हणाले, बोंबील वाळवायला. आमचे बोंबील तर वाळूतल्या बांबूंवर वाळत. त्या दोरीवर एक बोंबील कधी चढला नाही. मी एकदा ओली चादर टाकली तर काढायला लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गळ्याला लागायची. त्या दिवशी एवढी माणसं बसायची म्हणून मी ती सोडून, गुंडाळून, पडवीत टाकली होती.

"मी काढली," मी म्हटलं. "पोरं खेळतात, अडकतील. एवढी माणसं बसणार कुठं?"

"कोणाला विचारून काढली?"

"दोरी काढायला विचारायचं काय त्यात?"

त्यांचा आवाज चढला. मी त्यांना बोटीवर ओरडताना किनाऱ्यावरून ऐकलं होतं, घरात कधी नाही. "माझ्या घरातली माझी एक वस्तू जागेवर राहत नाही! आणि ते जहाज-बिहाज माझ्यासमोर बोलायचं नाही. जन्मभर सुकाणू धरलं. आता तिकीट काढून दुसऱ्याच्या बोटीवर बोचक्यासारखा बसू? तुम्हाला जायचं तर जा. मी येणार नाही."

ते धक्क्यावर गेले नाहीत. मागं फिरून, खांब धरून ओट्यावर चढले आणि आत जाऊन बसले. आम्ही चटया गोळा केल्या. हसन जाताना पडवीत पडलेल्या दोरीकडे बघत थोडा थांबला, मग चपला घालून गेला.

रेवती दुसऱ्या दिवशी ठाण्याला निघाली. एसटीत चढता चढता म्हणाली, "आये, शुक्रवारपर्यंत नक्की सांग. बाबा नाही आले तरी तू चल."

"त्यांच्याशिवाय?"

"का? तुला काय तिथं सुकाणू धरायचंय?"

"तसं नाही गो. मी तिथं बघणार, आणि विचारणार कोणाला, हा डोंगर कुठला आणि तो खडक कुठला? तुला ठाऊक आहे?"

तिला ठाऊक नव्हतं. गाडी निघून गेली.

बाजारात द्वारकीनं मला सोडलं नाही. गिऱ्हाइकाला बांगडा मोजून देता देता तोंड चालूच. "तुझा तांडेल नाही, म्हणून तू नाहीस. तू नाहीस, म्हणून मी कशाला? मी नाही, म्हणून जैतून खूश. पण मग माणसं भरत नाहीत, म्हणून कोणीच नाही. एका माणसाचं नाक, आणि सगळा कोळीवाडा वाळूत."

"त्यांचा मान आहे, द्वारके."

"मान धुऊन पितात का? माझी पिशवी भरून तयार आहे. जवळा तळाशी, वर साड्या. कोणाच्या बापाला सापडणार नाही."

घरात तांडेल माझ्याशी बोलायचे, पण कामापुरतं. तीन दिवस ते धक्क्यावर गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. संध्याकाळ झाली की ओट्याच्या कडेला येऊन उभे राहायचे, समुद्राच्या आवाजाकडे तोंड करून. मग परत आत. मला त्यांचा राग आला होता, आणि तो राग धरवतही नव्हता.

चौथ्या दिवशी मी हसनच्या घरी गेले. तो दारातल्या बदामाखाली बसून इंजिनाचा कुठलासा भाग तेलात धूत होता.

"हसन, तुझं ते ऐकतात. त्यांना समजाव."

"भाभी, माझं कधी ऐकलं त्यानं?"

"सगळं तुझंच ऐकलं. मला काय सांगतोस? अमक्या ठिकाणी जाळं टाकायचं की नाही, तेसुद्धा तुला विचारून. मी जेवताना ऐकत होते ना."

तो हातातलं पुसत राहिला. जैतून आतून म्हणाली, "सांग की आता. किती दिवस?"

"तू गप बस," हसन तिला म्हणाला. मग माझ्याकडे न बघता बोलला, "भाभी, मला त्यानं शपथ घातलीय. मी काही सांगणार नाही. एवढंच करा. ती दोरी होती तशी परत बांधा. जशी होती तशी, तेवढीच ताठ. आणि मग बघा."

"काय बघू?"

"बघा म्हणजे झालं."

घरी आले. तांडेल आत पडले होते. मी दोरी पडवीतून काढली, दगडाला बांधली, ओढत आणून खांबाला बांधली. हात काचले, पण ताठ बांधली. "दोरी बांधली हो," एवढंच आत ओरडून मी चुलीपाशी गेले, आणि दाराच्या फटीतून बघत राहिले.

जरा वेळानं ते बाहेर आले. खांबापाशी आले. डावा हात उचलला. दोरी हाताला लागली. त्यांनी ती मुठीत धरली, आणि चालायला लागले. हात दोरीवरून घसरत होता आणि पाय त्यामागून जात होते. वाटेत भालूच्या पोरानं उलटी टाकलेली बादली होती. चांगली पिवळी बादली, भर उजेडात. तांडेल सरळ तिच्यावर गेले. अडखळले, दोरीला लटकले, सावरले. इकडं तिकडं कोणी बघितलं का म्हणून मान वळवली. माझ्याकडे वळवली. मी दारात येऊन उभी होते, अंगावर तेच लाल लुगडं. त्यांची नजर माझ्यावरून, जशी भिंतीवरून जावी तशी, निघून गेली.

मी आत येऊन चूल विझवली. मग दोरी धरूनच त्यांच्यामागं गेले आणि दगडावर त्यांच्या शेजारी बसले.

"गुडघा बरा आहे?" मी विचारलं.

"बरा आहे."

"आणि डोळे?"

त्यांनी दगडावरची दोरीची गाठ चाचपली.

"हसन्यानं सांगितलं?"

"त्यानं दोरी बांधायला सांगितली. बाकी त्या बादलीनं सांगितलं."

ते हसले. हसता हसता तोंडावरून हात फिरवला. "काचबिंदू म्हणाला डॉक्टर. बाजूचं सगळं गेलंय. समोर थोडं आहे, तेही धुक्यातून बघावं तसं. रोज डोळ्यांत थेंब घालतो ते त्याचेच. जे गेलं ते परत येत नाही, म्हणाला."

"तुम्ही तर म्हणालात, डोळे थंड राहायला."

"म्हणालो." मग त्यांनी सांगितलं. बोट सोडली त्या हंगामात, भरती असताना, त्यांनी बोट म्हैसखडकावर घातली होती. स्वतःला वाटत होतं, खडक अजून लांब आहे. हसननं सुकाणूवर झेप घेऊन बोट वळवली. बोटीत भालू होता, झोपलेला. किनाऱ्याला आल्यावर तांडेलांनी सुकाणूवरचा हात काढला, तो परत लावलाच नाही.

"भालूला सांगायचं ना."

"काय सांगू? तुझा बाप तांडेल, आणि त्याला खडक दिसत नाही? आता त्या जहाजावर सगळे कठड्याला उभे राहणार. पोरं विचारतील, बाबा तो कुठला डोंगर? व्याही विचारतील. मी कुठं बोट दाखवू, चांगुणे? हौदाला नाळ म्हणालो, त्या दिवशी निभावलं."

नावानं हाक त्यांनी मला फार क्वचित मारली असेल.

मी म्हटलं, "मला डोंगर ओळखता येत नाही. पण दिसतो. तुम्हाला दिसत नाही, पण ओळखता येतो. मी काय दिसतंय ते सांगेन. हळूच सांगेन. तुम्ही नावं सांगा."

"तुला तिथून काही कळणार नाही. समुद्रातून सगळं उलटं दिसतं."

"म्हणून तर तुम्ही पाहिजे."

अंधारायला लागलं तशी आम्ही उठलो. अर्ध्या वाटेत, दोरीवर हात ठेवून, ते म्हणाले, "गोव्याला जाताना किनारा डाव्या हाताला राहतो. रेवतीला सांग, खोल्या डाव्या बाजूच्या घ्यायच्या. आणि दुपारी निघणारं जहाज बघ म्हणावं. सूर्य पाठीशी असला म्हणजे किनारा उजळलेला दिसतो."

मी भालूला रेवतीकडे फोन लावायला सांगितलं. पलीकडून ती किंचाळली ती मला ऐकू आली. द्वारकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला ठाऊकच होतं. म्हणून तर पिशवी सोडली नव्हती." तिकिटांच्या कागदावर मी अंगठा दिला. अक्षरं मी पुढं शिकले, नातीकडून. पुढचे महिने तांडेल घरात तांडेलासारखेच वागले. कोणी किती कपडे घ्यायचे, कोणी कुठं उभं राहायचं, कोणाला लिंबू द्यायचं, सगळं त्यांनी ठरवलं.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. जहाज म्हणजे गावच होतं, त्याचं काय वर्णन करू. द्वारकीची पिशवी खरंच यंत्रातून गेली आणि पकडली. जवळा त्यांनी काढून घेतला. ती यंत्रापाशी बसलेल्या पोरीला म्हणाली, "घे, पण फेकू नको. कांदा घालून परत, आणि नवऱ्याला घाल."

मुंबई मागं पडली. आम्ही सगळे डाव्या कठड्याला उभे राहिलो. माझ्या एका बाजूला तांडेल, त्यांच्या पलीकडे हसन. मी त्यांच्या दंडाला धरून होते. बोट हलत होती, म्हणून मी धरलंय असं बघणाऱ्याला वाटावं.

"भाऊजी, आपलं गाव कुठाय?" द्वारकीनं विचारलं. "मला तर सगळं एकसारखंच दिसतं. पाणी, झाडं, पाणी, झाडं."

"थांब जरा," तांडेल म्हणाले. मग माझ्याकडे किंचित झुकले. "काय आहे?"

"डोंगर आहे," मी पदराआडून पुटपुटले. "उपड्या हंडीसारखा. पुढं दोन माड, एकमेकांना टेकलेले. पण माड डोंगराच्या उजवीकडे आहेत."

"सरकतील. हंडीच्या पोटाखाली आले की सांग."

मी बघत राहिले. आणि खरंच, माड सरकायला लागले. डोंगर जागचा हलत नव्हता, माड चालत होते. चालत चालत ते हंडीच्या खाली आले, आणि डोंगर माडांच्या डोक्यावर चढून बसला. पन्नास वर्षं भाकरी थापता थापता ऐकलेली गोष्ट माझ्या डोळ्यांपुढं झाली. मी त्यांचा दंड दाबला.

तांडेलांनी हात लांब केला, बोट रोखलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "द्वारके, त्या माडांच्या खाली बघ. पांढरा ठिपका दिसतो? बाणाईचं देऊळ. त्याच्या उजवीकडे आपला धक्का."

"अगो बाय! खरंच की!" द्वारकी ओरडली. सगळे माना लांब करकरून बघायला लागले. भालू म्हणाला, "बघा, एवढ्या लांबून कसं बरोबर दाखवलं." हसननं तोंड फिरवून डोळे पुसले, आणि वाऱ्याला शिवी दिली.

हळूहळू मंडळी चहाला गेली. आम्ही दोघं राहिलो.

"म्हैसखडक कुठं?" मी विचारलं.

"पाण्यात काळं काही दिसतं? भोवती फेस?"

"दिसतं. आपल्या आणि गावाच्या मधोमध."

"तोच."

मी खडकाकडे बघितलं, मग गावाकडे. घरं ताटात सांडलेल्या तांदळासारखी होती. धक्का म्हणजे एक रेघ. रेघेवर कोणी असेल तर ते मला दिसत नव्हतं. मी मनानं त्या खडकावर जाऊन उभी राहिले. अर्धं अंतर कमी केलं. तरी दिसेना.

"अहो," मी म्हटलं, "म्हैसखडकावरून धक्क्यावरचं माणूस दिसतं?"

त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला.

"नाही," ते म्हणाले.

"मग लुगडं?"

"नाही. ते तर खाडीच्या तोंडाशी आल्यावर दिसायचं." मग म्हणाले, "खडक आला की मी हसन्याला सांगायचो, उभी आहे बघ. तो म्हणायचा, मला तर काही दिसत नाही. मी म्हणायचो, मला दिसते."

सूर्य आमच्या पाठीमागं टेकला होता. किनारा असा उजळला होता की डोळे दिपत होते. जहाजाखाली पाणी फाटत होतं.

"चांगुणे," ते म्हणाले, "आज कुठलं नेसलीस?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. गावाकडे तोंड करूनच म्हणाले,

"लाल."